मुक्काम पोस्ट नोन सदाओ

अण्णा,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. काल इथल्या मराठी मंडळाचे चिटणीस दोह्यात आपल्या मुशैरिबच्या कचेरीत येऊन गेले. गणपतीच्या स्मरणिकेत तुमच्यासाठी दोन पाने राखून ठेवली आहेत, आणि बारा वर्षे तुमच्या शेजारच्या टेबलावर काढलेल्या माणसानेच ती भरावीत, असे सर्वांचे मत पडले म्हणे. मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि नेहमीप्रमाणे "बरं" म्हणालो. जाता जाता ते दारात थांबले. "अण्णांच्या गावाचं येऊ द्या थोडं. ओढा, शाळा, शेत. लोकांना असलं वाचायला आवडतं."

गावाचे लिहितो आहे, अण्णा. फक्त ते गाव तुमचे नाही.

तुमच्या या स्मृतिलेखात मी थायलंडातल्या नोन सदाओ नावाच्या तालुक्याचा इतिहास, भूगोल आणि कारभार सांगणार आहे. जिवंतपणी तुम्ही तो एकदाही पुरता ऐकून घेतला नाहीत. तिसऱ्या वाक्याला "खलास, मास्तर" म्हणून उठून जाण्याची जी सोय तुम्हाला होती, ती आता उरलेली नाही. पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच लेखणी उचलणाऱ्या माझ्यासारख्या भिडस्त माणसाच्या हाती याहून मोठा सूड नाही. जेवढा आहे तेवढा पुरवून वापरणार आहे.

आधी तुमचे उपकार लिहून ठेवतो, म्हणजे मी कृतघ्न आहे असे कुणी म्हणायला नको. दोह्यात उतरलो तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांचा होतो. उमेदीची वर्षे नाशिकला तासिका तत्त्वावर भूगोल शिकवण्यात गेली होती, आणि येथे मी बांधकाम कंपनीची कागदपत्रे सांभाळणारा कारकून म्हणून आलो होतो. विमानतळावर माझ्या नावाचा पुठ्ठा धरून तुम्ही स्वतः उभे होता. "मास्तर दिसायलात की हो पुरते," हे तुमचे पहिले वाक्य. ते नाव मला कायमचे चिकटले. दुसऱ्याच महिन्यात मला कांजिण्या आल्या. खोलीतले तिघे सोबती गाद्या उचलून पसार झाले. तुम्ही मात्र नऊ दिवस रोज ज्वारीची भाकरी आणि दही घेऊन आलात, आणि उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून तासतासभर बोलत बसलात. भाकरी वहिनींच्या हातची असे. तुमच्या घरचे मीठ मी खाल्ले आहे. हे सारे लिहायला मला सहा वर्षे लागली ती त्या मिठामुळेच.

कामही तुम्हीच शिकवलेत. पहिल्या आठवड्यात एका गोऱ्या इंजिनिअरच्या आडनावात माझ्याकडून एक अक्षर सुटले, तेव्हा ते पत्र तुम्ही माझ्याकडून तीनदा टंकून घेतलेत. वर म्हणालात, "मास्तर, कागदावर माणूस चुकला की समजा माणूसच चुकला." हे वाक्य मी त्या दिवशी मनात जपून ठेवले. ते तुमच्याविरुद्ध वापरावे लागेल, अशी कल्पना नव्हती.

आता बुनमीविषयी. तुम्ही त्याला विसरला नसालच; पण वाचणाऱ्यांना सांगायला हवे. बुनमी आपल्या सर्वेक्षण तुकडीत होता. सर्वेक्षक दुर्बिणीतून पाहतो तेव्हा समोर पट्टी धरून उन्हात निश्चल उभा राहणारा जो माणूस असतो, तो. दर गुरुवारी दुपारी तो नकाशांच्या प्रती न्यायला कचेरीत येई. प्रती काढण्याच्या खोलीत अमोनियाचा असा उग्र दर्प असायचा की तिथे कुणी थांबत नसे. म्हणूनच मी डबा तिथे खात असे. जिथे कुणी येत नाही तिथे बोलावेही लागत नाही, असा माझा हिशेब होता.

एका गुरुवारी मी समोच्च रेषांचा एक नकाशा घडी करत होतो. बुनमीने त्यातल्या एका ठेंगण्या फुगवट्यावर बोट ठेवले.

"नोन," तो म्हणाला. "माय होम, सेम सेम." मग खिडकीशी जाऊन त्याने खाली मोटारी लावतात तिथल्या कडुनिंबाकडे बोट दाखवले. "सदाओ. नोन सदाओ."

"थायलंडमध्ये?"

"थायलंड, ईशान. पहले थुंग यांग. अभी नोन सदाओ." त्याने एका रद्द झालेल्या नकाशाची पाठ उलटली, माझ्या खिशातली पेन्सिल न विचारता काढून घेतली, आणि रेघ ओढली. ती ओढ्याची रेघ होती. पुढची चार वर्षे, दर गुरुवारी, मी त्या ओढ्याच्या काठाकाठाने चालत होतो. मी एक वही सुरू केली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिले: 'नोन सदाओ: इतिहास, भूगोल व प्रशासन.'

तर ऐका.

थायलंडच्या ईशान्येला एक मोठे पठार आहे. मध्यभागी किंचित खोलगट, परातीसारखे. माती वाळूच्या जातीची आणि तिच्या पोटात मीठ. पावसावर भाताचे एकच पीक येते, तेही चिकट भाताचे. उन्हाळ्यात रिकाम्या खाचरांवर पांढरा थर चढतो. बायका तो खरवडून गोळा करतात, लाकडी डोणीत पाणी घालून गाळतात आणि ते खारे पाणी उकळून मीठ करतात. या सपाटीवर एक उंचवटा आहे, त्यावर कडुनिंबाची झाडे आहेत, आणि म्हणून त्याचे नाव नोन सदाओ. पश्चिमेला तो ओढा, जो पुढे मून नदीला मिळतो. ओढ्यापलीकडे थुंग यांग हे तालुक्याचे जुने गाव. उन्हाळ्यात मुले हा ओढा उडी मारून ओलांडतात. पावसाळ्यात तो अर्धा कोस पसरतो आणि रस्ता पाण्याखाली जातो.

बुनमीच्या पणजोबांच्या काळी पूर्वेकडून सात कुटुंबे बैलगाड्यांतून जमीन शोधत आली. एका तळ्यात कमळे दिसली तिथे थांबली. आधी त्यांनी राखणदार देवासाठी झाडांचा एक पुंजका राखला, मगच घरांच्या मेढी रोवल्या. गावाला नाव दिले नोंग बुआ, म्हणजे कमळतळे. त्या मुलखात वस्ती करणाऱ्या प्रत्येकालाच कमळे दिसली असावीत, कारण हे नाव तिथे आपल्याकडच्या वडगावासारखे जागोजाग आहे. हे लक्षात असू द्या, अण्णा, पुढे लागणार आहे. मग अंबाडीसाठी जंगल तुटले. मग लष्कराला रस्ता हवा झाला म्हणून रस्ता आला, आणि रस्त्यामागून शाळा आली.

कारभाराचे सांगतो. आपल्या तालुक्यासारखा त्यांचा 'अम्फो'. त्याखाली काही गावांचा मिळून एक गट, आणि प्रत्येक गावाला गावकऱ्यांनी निवडलेला मुखिया. गटातल्या मुखियांमधून एक जण थोरला होतो; सरपंच आणि पोलीस पाटील यांच्या मधला तो माणूस समजा. बुनमीचा मामा नोंग बुआचा मुखिया होता. गावात उंच खांबावर कर्णा बांधलेला असतो आणि रोज पहाटे मुखिया त्यावरून बोलतो: कुणाची म्हैस सुटली, लस टोचणारे कधी येणार, कुणाच्या घरी कोण वारले. मामाची नक्कल बुनमी नाकात बोलून करायचा. एकदा त्याने प्रती काढण्याच्या खोलीतून माझ्या नावाने पुकारा केला, "मास्तर, मास्तर, युअर बफेलो इन माय राइस!" तेव्हा तुम्ही टेबलावरून ओरडला होतात, "काय चाललंय रं आत?" मी मोठ्याने हसत होतो. असे मी आयुष्यात फार वेळा हसलेलो नाही.

प्रत्येक घराची एक नोंदवही असते आणि तिची प्रत तालुक्याच्या कचेरीत राहते. जन्म, लग्न, मृत्यू, सारे तिथे लिहायचे. पण पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या गावांना थुंग यांगला जाता येत नसे. मूल दोन महिन्यांचे झाले तरी कागदावर जन्मलेले नसे. म्हातारी चितेवर जळून गेली तरी कागदावर जिवंत असे. लोकांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, आणि शेवटी ओढ्यापलीकडची चार गटांची गावे तोडून त्यांचा वेगळा कारभार सुरू झाला. अशा नव्या तालुक्याला ते 'किंग अम्फो' म्हणतात. किंग म्हणजे फांदी. मोठा अधिकारी थुंग यांगला. फांदीवर आपल्या नायब तहसीलदारासारखा एक दुय्यम. पण घरांच्या वह्या ओढा ओलांडून उंचवट्यावर आल्या. गाव तेच, तळे तेच. फक्त मेलेल्या माणसाला आपली नोंद करायला पाण्यातून जावे लागणार नव्हते. हा तालुका एवढ्यासाठीच झाला होता, अण्णा. मेलेल्या माणसाचा कागद पाण्यात अडकू नये म्हणून.

माझी वही एकदा टेबलावर उघडी होती. तुम्ही तिच्यावर सुलेमानी चहाचा पेला ठेवलात. "थायलंडचं गॅझेटियर काढायलात का काय, मास्तर? मग आमच्या वडगावचं कवा?" पेला उचलला तेव्हा नोंग बुआभोवती एक तपकिरी वर्तुळ उरले. मी ते पुसले, ते आणखी पसरले.

तुम्हाला तालुका-जिल्ह्याचे मोल कळत नव्हते, असे म्हणायची सोय तुम्हीच ठेवलेली नाही. नव्याण्णव साली परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि तुमचे वडगाव नव्या जिल्ह्यात गेले. तुम्ही साऱ्या कचेरीत पेढे वाटलेत. "आमच्या म्हाताऱ्याची निम्मी जिंदगी परभणीच्या येष्टीत गेली. आता कलेक्टर हापिस हाकेवर आलं, हाकेवर!" गुरुवार होता, म्हणून बुनमीलाही पेढा मिळाला. मी त्याला कारण समजावून सांगितले. तो पेढा तोंडात धरून तुमच्याकडे बोट दाखवत म्हणाला, "अण्णा! माय होम, युअर होम, सेम सेम!" तुम्ही त्याच्या पाठीत थाप मारलीत. "व्हय रं बाबा, सेम सेम."

त्याच हिवाळ्यात शुक्रवारी आपण मंडळाच्या सहलीला समैस्माच्या समुद्रकिनारी गेलो होतो. मी पाण्यापासून आणि माणसांपासून दूर बसलो होतो, तर तुम्ही मुद्दाम माझ्याजवळ येऊन बसलात. बोटाने वाळूत वडगाव काढलेत. पूल, उजवीकडचा रस्ता, मारुतीचा पार, पारापासून तिसरे घर. शिंपल्याचा तुकडा खोचून म्हणालात, "हा आमच्या दारचा शेवगा. आईनं लावलेला." भरतीचे पाणी आले तेव्हा तुम्ही पाय आडवा घालून ते घर थोडा वेळ वाचवलेत. त्या क्षणी तुमच्यावर माझा जीव होता, हे मला लिहायला हवे. खोटे लिहून सूड घेता येत नाही.

चार वर्षांनी, ऑगस्टात, इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवर बुनमीने दुपारच्या विश्रांतीला पाठ टेकली आणि तो उठला नाही. छत्तीस वर्षांचा होता.

मृतदेह मायदेशी पाठवण्याच्या अर्जात शेवटी एक चौकट असते: अंतिम ठिकाण. मी तिच्यात लिहिले, बान नोंग बुआ, किंग अम्फो नोन सदाओ. तुम्ही अर्ज हातात घेतलात आणि फाइल उघडलीत.

"हे काय? फाइलीत थुंग यांग हाय."

"ती जुनी नोंद आहे, अण्णा. जुन्या ओळखपत्रावरून उतरवलेली. गाव आता..."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

"कागद हाय?"

"वही आहे."

तुम्ही हसलात. वाईट हसणे नव्हते ते. कामात असलेला माणूस हसतो तसे हसलात. "वहीवर कंपनी चालत न्हाई, मास्तर. फाइलीत जे हाय तेच जाईल. उद्या कुणी इचारलं तर काय दाखवू, तुमची चित्रं? अन् काय फरक पडायलाय? देश तर एकच हाय न्हवं. यल्ला, टाइप करा. गाडी खाली उभी हाय."

बुनमीचा चुलतभाऊ थोंगदी त्या दिवशी साइटवर होता. एक फोन केला असता तर त्याने पत्ता सांगितला असता. 'अण्णा, थोंगदीला विचारू या' हे वाक्य माझ्या जिभेवर आले होते. त्या वाक्यात चारच शब्द आहेत. मी ते बोललो नाही. मी खुर्चीवर बसलो आणि थुंग यांग टंकले. त्या कागदावर शेवटचा हात माझाच आहे. तुम्हाला मी ज्या पिंजऱ्यात उभे करतो आहे, त्यात मीही उभा आहे. पण आज बोलण्याची पाळी माझी आहे.

थुंग यांगच्या हद्दीतही एक नोंग बुआ शिल्लक होते. पेटी तिथे गेली. गाडीवाल्याने कागद दाखवला, सही घेतली आणि तो निघून गेला. त्या गावच्या मुखियाने पहाटे कर्ण्यावरून विचारले: परदेशात कामाला गेलेला बुनमी कुणाचा? कुणाचाच नव्हता. दुसऱ्या पहाटे विचारले, तिसऱ्या पहाटे विचारले. पलीकडच्या तालुक्यात, खऱ्या नोंग बुआत, बुनमीच्या मामाच्या हातात दुसरा कर्णा होता, आणि मध्ये ओढ्याला पूर होता. त्या अनोळखी लोकांनी पेटी देवळात ठेवली. बायकांनी भिक्षूंसाठी स्वयंपाक केला, पुरुषांनी तीन दिवस बसून मंत्र ऐकले. चौथ्या दिवशी उष्मा सोसेना, तेव्हा त्यांनी आपलाच समजून त्याला अग्नी दिला. आई सातव्या दिवशी पोचली, काही अंतर होडीतून, काही ट्रॅक्टरवरून. तिच्या हाती पांढऱ्या फडक्यात बांधलेली हाडे दिली. पाणी ओसरल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात, तिने आपल्या खाचरातले एक पोतेभर मीठ त्या गावाला नेऊन दिले. उपकार फेडायला तिच्याकडे तेवढेच होते.

हे मला थोंगदीने सांगितले, त्याच अमोनियाच्या खोलीत. सुट्टीवरून येताना त्याने माझ्यासाठी त्याच मिठाची एक पुडी आणली होती. पुडी माझ्या हातात ठेवून त्याने विचारले, "मास्तर, हू राइट थुंग यांग?"

"ऑफिस," मी म्हणालो.

ती पुडी मी अजून उघडलेली नाही. तुमच्या घरचे मीठ मी खाल्ले आणि त्याला जागलो. त्या बाईचे मीठ खाण्याचा मला अधिकार नाही.

मी हे सारे तुम्हाला सांगितले, तेव्हा तुम्ही पत्रांवर शिक्के मारत होता. शिक्का थांबला नाही. "अग्नी तर मिळाला न्हवं? कुणाच्या का हातानं. मेल्यावर माणसाला काय कळतंय, मास्तर?" मी वाट पाहिली. मला क्षमायाचना नको होती. 'चुकलं' एवढे एकच हवे होते. जो माणूस एका गोऱ्या इंजिनिअरच्या एका अक्षरासाठी तीन कागद फाडतो, तो बुनमीच्या तालुक्यासाठी एक शब्द तरी खर्च करील, असे मला वाटले होते.

खर्च तुम्ही केलात, पण गणपतीच्या महाप्रसादाच्या पंगतीत. मसालेभात वाढत होते. "आमच्याकडं एक थायलंडवाला होता," तुम्ही सांगू लागलात. "त्याला बाबा शेजारच्या गावानंच परस्पर उरकला! घरचे आले तर, खलास, सगळं आवरलेलं!" पंगत हसली. पुण्याचे इंजिनिअर हसले, वसईचे पाहुणे हसले, चिटणीस हसले. अण्णा, मीही हसलो. त्या हसण्याची मला जी किळस आली, ती मी पाच वर्षे जपली आहे. आज तिचा वाटा तुम्हाला देतो, आणि त्या पंगतीत बसलेल्या, आता ही पाने वाचत असलेल्या प्रत्येकाला देतो. माझे हे लेखन चिटणीसांना छापावेसे वाटले नाही, तर का वाटले नाही ते त्यांनी स्वतःशी ठरवावे.

दोन वर्षांपूर्वी थायलंडच्या सरकारने अशा साऱ्या फांद्यांना पूर्ण तालुक्याचा दर्जा दिला. थोंगदीने नव्या कचेरीचा फोटो आणला. फलकापुढे एक ठेंगणी म्हातारी उभी होती, नव्या वस्त्रात, हात दोन्ही बाजूंना ताठ. मी तो फोटो तुमच्या टेबलावर ठेवला. तुम्ही चष्मा लावलात आणि बराच वेळ पाहिलेत.

"ही कोण?"

"बुनमीची आई."

तुम्ही फोटो पालथा ठेवलात. "मास्तर, चहा सांगा," म्हणालात. चहा आला, गार झाला, तुम्ही तो प्यायला नाहीत.

त्या पालथ्या फोटोवरून आपले भांडण अर्धेच राहिले आहे. तुम्हाला लाज वाटली होती, असे लिहून मी तुम्हाला येथे सोडवू शकतो. मंडळींनाही ते आवडेल. मी सोडवणार नाही. जे तुम्ही बोलला नाहीत, ते तुमच्या वतीने मी का बोलावे?

मग गेल्या महिन्यात तो सोमवार आला. इस्पितळातून फोन आला आणि मी तुमच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. चष्मा तिथेच होता. मी रडलो. हे खरे आहे, आणि पुढचेही खरे आहे.

अर्ज भरण्याचे काम माझ्याकडे आले. शेवटची चौकट: अंतिम ठिकाण. मी तुमची फाइल उघडली. वडगाव, जिल्हा परभणी. पेढे वाटणाऱ्या माणसाने दहा वर्षांत स्वतःचा पत्ता बदलून घेतला नव्हता. "चालतंय की," म्हणायचात. परभणी जिल्ह्यात अजून एक वडगाव आहे, हे भूगोलाच्या माणसाला ठाऊक असते. पेटी हैदराबादला उतरणार होती आणि तिथून पुढे भाड्याच्या रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरकडे फक्त कागद असणार होता. वहिनी तीन वर्षांपासून तुमच्या आईचे करायला गावीच आहेत.

फाइलीत जे आहे तेच जाईल. तुमचाच नियम. मी तो पाळला असता तर मला कुणी काही म्हणू शकले नसते. फार तर अर्धा दिवस. अर्धा दिवस तुमची पेटी दुसऱ्या कुणाच्या पारावर राहिली असती. अनोळखी लोक भोवती गोळा होऊन विचारत राहिले असते, हा कुणाचा? मी लेखणी टेकवली. 'परभणी'चा 'प' लिहिलासुद्धा. तो लिहिताना मला जो आनंद झाला, तो मी लपवत नाही. समोरचा चहा गार होईपर्यंत मी त्या अक्षराकडे पाहत बसलो होतो.

मग मी तो अर्ज फाडला आणि दुसरा घेतला. खणातून वही काढली. पहिल्या बाजूने उघडली की चहाच्या वर्तुळातले नोंग बुआ दिसते. मी ती उलटी करून मागून उघडली. समैस्माहून घरी आल्यावर, तुम्हाला न सांगता, मी तुमचे वडगाव तिथे उतरवून ठेवले होते. तुम्ही हसाल म्हणून कधी दाखवले नाही. त्यावरून मी लिहिले: मुक्काम पोस्ट वडगाव, जिल्हा हिंगोली. पूल ओलांडून उजवीकडे. मारुतीच्या पारापासून तिसरे घर. दारात शेवगा आहे. आणि खाली, अधोरेखित करून: परभणी जिल्ह्यातील वडगावास जाऊ नये.

बुधवारी तुमच्या पुतण्याचा फोन आला. "मास्तर, काका थेट दारात आले बघा. ड्रायव्हरला कुणाला इचारावंसुद्धा लागलं न्हाई. म्हातारी शेवग्याखालीच बसली होती."

याला क्षमा समजू नका. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, आणि स्वतःलाही नाही. ज्या वहीवर कंपनी चालत नव्हती, तिच्या मागच्या पानावरून तुम्ही घरी पोचलात. तुमच्या आईने तुमचे तोंड पाहिले. त्याच्या आईने फडक्याची गाठ पाहिली. दोन्हींच्या मध्ये कागदावरची एक ओळ होती. ती लिहायला मला चार मिनिटे लागली.

एवढे सोपे होते, अण्णा.